सहाच्या आकड्याचा माणूस

माणसाची बुद्धी फाशांवर ठरते असं कुणी म्हटलं तर आपण त्याला हसू. पण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या खेळात ती खरोखर तशी ठरते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक सोंग घेतो, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो. एखादी गोष्ट जमेल की नाही असा प्रश्न आला, की फासा टाकायचा.

माझा मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे. सुट्टीत बेळगावला आला की त्याचे शाळेतले मित्र जमतात आणि आमच्या टिळकवाडीच्या घरी हा डाव रात्री उशिरापर्यंत रंगतो. ‘काकू, चहा!’ अशी हाक आली की मीही तिथेच टेकते. पाहता पाहता बरंच कळू लागलं.

प्रत्येक सोंगाचे सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. मूळ नियमांत एकेका गुणासाठी तीन फासे टाकत. बेरीज ३ ते १८ मधली, सरासरी साडेदहा. तिन्ही फाशांवर एक पडण्याची शक्यता २१६ वेळांत एकदा. आता बरेच जण चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून देतात, किंवा १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे ठरलेले आकडे वाटून घेतात. ज्याला दांडगा लढवय्या व्हायचं असतं, तो बहुधा सर्वांत लहान आकडा बुद्धीच्या नावावर टाकून मोकळा होतो.

खरी अडचण तिथून पुढे. बुद्धी ६ असलेला माणूस वठवायचा कसा?

गेल्या मे महिन्यात एका मित्राच्या वाट्याला असा लढवय्या आला. त्याने जीभ बाहेर काढली, मान वाकडी केली आणि बोबडं बोलायला लागला. पोरं पोट धरून हसली. माझे धाकटे दीर आमच्याजवळच असतात. त्यांची शाळा तिसरीतच सुटली, हिशेब आजही जमत नाही, गल्लीत त्यांना काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. घरंगळलेले फासे उचलून देण्याची त्यांना भारी हौस. तेही आधी हसले. मग हातातला फासा टेबलावर ठेवून व्हरांड्यात जाऊन बसले. टेबलाशी एकदम शांतता झाली.

मी मुलाला एवढंच विचारलं, ‘सहा म्हणजे नेमकं किती कमी रे?’

त्याने कागद ओढला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत १० आकड्याच्या माणसाला फाशात काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही. ६ असेल तर २ वजा. फासा वीस बाजूंचा. सोप्या कामाला १० लागतात. म्हणजे साधारण माणसाला वीसपैकी ११ वेळा ते जमेल आणि सहावाल्याला ९ वेळा. मध्यम अवघड कामाला १५ लागले, तर पहिल्याला ६ वेळा, दुसऱ्याला ४ वेळा. फरक वीसात दोनाचा! एवढ्याशा फरकासाठी जीभ बाहेर काढायची? काही खेळाडू आकड्याला दहाने गुणून ‘आय. क्यू. साठ’ असा हिशेब सांगतात, पण या आवृत्तीच्या नियमांत तसं काहीच नाही.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. या खेळात बुद्धी वेगळी आणि शहाणपण वेगळं. इतिहास, धर्म, जादूविद्या, तपास हे बुद्धीकडे. जनावरं हाताळणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं, रानात तग धरणं, बारीक नजर हे शहाणपणाकडे. आपल्याकडेही शिकलेला आणि शहाणा हे एकच धरत नाहीत, होय की नाही?

दुसऱ्या रात्री त्या मित्राने सोंग बदललं नाही, पण वठवण्याची रीत बदलली. गोष्टीत एक बंद दरवाजा होता, त्यावर कोडं कोरलेलं. हुशार जादूगार तासभर अर्थ लावत बसला. लढवय्याने साध्या आवाजात विचारलं, ‘हे दार रोज झाडतं कोण?’ झाडणारी म्हातारी शोधली, तिच्याशी गोड बोलले, किल्ली मिळाली. सूत्रधाराने ते मान्य केलं.

खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं मला यातून दिसलं ते असं. आपल्या माणसाला काय येत नाही ते आधी नेमकं ठरवावं : वाचता येत नाही, की मोजता येत नाही, की थाप ओळखू येत नाही? मग काय उत्तम येतं तेही ठरवावं. कोड्याचं उत्तर खेळणाऱ्याला सुचलं पण सोंगाला सुचणार नाही असं वाटलं, तर ते सोबत्याच्या तोंडी द्यावं. आणि ‘माझा माणूस मठ्ठ आहे’ या सबबीवर सगळ्यांचा बेत उधळू नये. ‘क्रिटिकल रोल’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात ट्रॅव्हिस विलिंगहॅम या नटाने ग्रॉग नावाचा, बुद्धी ६ असलेला लढवय्या वठवला. त्याच्या चुकांवर लोक हसले, पण त्यांनी जीवही लावला तो त्याच्या मित्रांवरच्या मायेमुळे.

तुमच्या घरी सुट्टीत असा डाव मांडला जात असेल, तर एकदा पोरांजवळ बसून पाहा. खेळात निदान आकडा कागदावर लिहिलेला असतो आणि फरक किती ते मोजता येतं. गल्लीत आपण एखाद्याला सहज ‘येडा’ म्हणून हाक मारतो, तेव्हा ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही.