पावसाच्या पाण्याचेही बिल हवे?

आरेच्या टेकड्यांतून निघालेली ओशिवरा नदी जोगेश्वरीजवळून मालाडच्या खाडीकडे जाते. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी सखल वस्त्यांत तुंबते. त्यातून चालताना लेप्टोचा धोका असतो.

नाल्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटर करा, असे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३मध्येच सुचवले होते. कामाला वेग आला तो २६ जुलै २००५च्या महापुरानंतर.

मुंबईत मलनिःसारण आकार पाणीबिलातून वसूल होतो. पर्जन्यजलासाठी तसा वेगळा आकार नाही. जर्मनी, अमेरिकेतील अनेक शहरे छप्पर, फरसबंदी अशा पाणी न मुरणाऱ्या जागेच्या प्रमाणात शुल्क घेतात. तो पैसा याच कामासाठी राखीव असतो. मोठ्या वाहनतळाला जास्त, छोट्या घराला कमी; पाणी जिरवणाऱ्याला बहुधा सवलत. एरवी तुंबलेल्या पाण्याची किंमत सखल वस्तीच आजारपणातून चुकवते.