भेकराचे क्ष-गुणसूत्र आणि गर्भातील मात्रा-समतोल

महाडहून वरंध घाटाने भोरकडे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे चढताना लागणाऱ्या रानांत भेकर आढळते. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज काढणारे हे लहानसे हरिण गावकऱ्यांच्या परिचयाचे आहे. पेशीविज्ञानात मात्र त्याची ख्याती निराळ्या कारणाने झाली. भारतीय भेकराच्या मादीत केवळ 6 आणि नरात 7 गुणसूत्रे असतात, असे 1970 साली वुर्स्टर व बेनिर्श्के यांनी दाखविले. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या ज्ञात नाही. चिनी भेकरात ती 46 आहे. पूर्वजांची गुणसूत्रे एकमेकांस जोडली जाऊन ही घट झाली, आणि त्या ओघात क्ष-गुणसूत्रही एका सामान्य गुणसूत्रास चिकटले. नरात त्या सामान्य गुणसूत्राची दुसरी प्रत सुटी राहते. म्हणून त्याची संख्या एकाने अधिक.

या जोडणीने एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. मादीजवळ क्ष-गुणसूत्रे दोन, नराजवळ एक; तेव्हा क्षवरील जनुकांची मात्रा मादीत दुप्पट व्हावयास हवी. ती तशी का होत नाही? 1949 साली बार व बर्ट्रॅम यांना मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला; तो बोक्याच्या पेशींत नव्हता. 1961 साली मेरी लायन यांनी प्रतिपादन केले की, मादीच्या प्रत्येक पेशीतील एक क्ष-गुणसूत्र गर्भावस्थेच्या आरंभीच मूक होते, आणि दोहोंपैकी कोणते, हे यदृच्छया ठरते. तिरंगी मांजर बहुधा मादीच असते, ते यामुळेच.

उंदराच्या गर्भात ही क्रिया दोन टप्प्यांनी घडते. गर्भ अवघ्या काही पेशींचा असतानाच पित्याकडून आलेले क्ष मूक होऊ लागते. वार घडविणाऱ्या पेशींत ते तसेच राहते. प्रत्यक्ष शरीर घडविणाऱ्या पेशींत मात्र ते पुन्हा जागृत होते, आणि गर्भ गर्भाशयात रुजल्यावर नव्याने यदृच्छ निवड होते. या मौनाचे साधन म्हणजे एक्सिस्ट जनुकाचा आरएनए. तो ज्या गुणसूत्रावर निर्माण होतो, त्यालाच वेढून टाकतो. मानवी गर्भात पित्याच्या क्षला असा वेगळा न्याय नाही. रुजण्यापूर्वी दोन्ही क्ष-गुणसूत्रांची अभिव्यक्ती थोडीथोडी मंदावते, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सुचविले.

परंतु मौन पसरते, तर ते थांबते कोठे? उंदरात क्षला सामान्य गुणसूत्राचा तुकडा जोडला गेल्यास मौन काही अंशी त्या तुकड्यातही शिरते. भेकरीच्या प्रत्येक क्षला तर अखंड सामान्य गुणसूत्रच जोडलेले आहे. मौन तेथवर पोहोचले, तर त्यावरील जनुकांची मात्रा निम्मी होईल, आणि अशी घट गर्भास सहसा मारक ठरते. तथापि भेकरीच्या पेशींत उशिरा द्विगुणित होणे, हे मूक क्षचे लक्षण, क्षच्या भुजेपुरतेच दिसते. दोन भागांमधील घनरंजकाची लांब मान हाच तो बांध असावा, असे मानले जाते.

सारांश, मात्रा-समतोलास दोन गोष्टी लागतात: वेळेवर येणारे मौन आणि त्याला घातलेली सीमा. पहिलीचा अभ्यास उंदरावर पुष्कळ झाला आहे. दुसरीचा धडा आपल्या घाटातील या प्राण्याच्या गुणसूत्रांत स्पष्टपणे वाचता येतो.