कपाटातली कसर आणि मॉरिशसचा डोडो

एक आपल्या कपाटात मजेत नांदते, दुसरा साडेतीनशे वर्षांपूर्वी पृथ्वीवरून गेला. तरी या दोघांना शेजारी बसवून पाहाच!

लोकरीला लागणारी कसर म्हणजे फिकट सोनेरी पतंगाची अळी. पतंगाचे पंख पसरले तरी जेमतेम दीड सेंटिमीटर. डोडो जवळपास मीटरभर उंच, वजन दहा किलोच्या वर.

डोडोला उडता येत नव्हतं. पतंगाच्या मादीला पंख आहेत, पण तीही शक्यतो पळतेच. भिरभिरताना दिसतो म्हणून टाळी वाजवून आपण मारतो तो बहुधा नर; अंडी घालणारी शालीच्या घडीत सुखरूप!

पतंगाला खायला तोंडच धड नसतं. खादाडी सगळी अळीची. लोकर, केस, पिसं पचवणं फार थोड्या जिवांना जमतं, तिला जमतं. घडी उलगडून नीट बघा: रेशमाची बारीक नळी, तिला शालीचेच तंतू चिकटवलेले, भोवती विष्ठेचे बारीक कण. शाल लाल असेल तर कणही लाल!

मादी चाळीस-पन्नास अंडी घालते. डोडोचं घरटं जमिनीवर, आणि त्यात एकच अंडं, असं जुन्या नोंदी सांगतात. १५९८ मध्ये डच खलाशी मॉरिशसला उतरले. जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरं, माकडांनी अंडी फस्त केली. डोडो दिसल्याची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ ची. त्याला मठ्ठ म्हणतात, ते मला साफ अन्यायाचं वाटतं. शिकारी प्राणीच नसलेल्या बेटावर त्यानं भ्यायचं कुणाला?

डोडो भारतातही आला होता! पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं सुरतेत दोन डोडो पाहिले. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे.

पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरही कसर ताव मारते, म्हणून संग्रहालयं तिला टरकून असतात. ऑक्सफर्डचा डोडो तर १७५५ पर्यंत पार खराब झाला; वाचलं फक्त डोकं आणि एक पाय. २०१८ मध्ये त्या डोक्याचं स्कॅन केलं, तेव्हा कवटीत शिशाचे छर्रे सापडले. त्याआधी, २००२ मध्ये, याच अवशेषांतल्या डीएनएनं त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग दाखवून दिला होता: निकोबारी कबुतर. आपल्या अंदमान-निकोबारमध्ये राहणारं, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर झकास उडत जाणारं.