आडनावाचं क्रियापद होतं तेव्हा

‘मॉब लिंचिंग’ म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो. जमाव ‘लिंचिंग’मध्येच आहे. गंमत अशी, की सुरुवातीला तिथे मृत्यू मात्र नव्हता.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. १७८० मध्ये व्हर्जिनियातल्या बेडफर्ड परगण्यातला जमीनदार आणि स्थानिक न्यायाधीश चार्ल्स लिंच याने इंग्लंडच्या राजाच्या पाठीराख्यांना धरून आणलं. राजद्रोहाचा खटला चालवायचा त्याला अधिकार नव्हता. तरी त्याने चालवला; फटके मारले, दंड केले, कैदेत टाकलं. १७८२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने खास कायदा करून त्याला अभय दिलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बेकायदा शिक्षेवर कायद्यानेच पांघरूण घातलं होतं.

शेजारच्या पिटसिल्वेनिया परगण्यातल्या विल्यम लिंचच्या नावावरही या शब्दाचा दावा आहे. या शब्दाशी जोडली जाणारी, आयर्लंडमधल्या गॉलवेच्या लिंच नावाच्या नगरप्रमुखाची कथा मात्र दंतकथाच.

आधी रूढ झाला तो शब्द होता ‘लिंचचा कायदा’. पुढे त्यातला ‘कायदा’ गळाला आणि आडनावाचं क्रियापद झालं. कोणत्याही परस्पर शिक्षेला लागू असलेला शब्द ठार मारण्यापुरता उरला. भाषाशास्त्रात याला अर्थसंकोच म्हणतात. हा संकोच आपोआप झाला नाही. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांनी तो घडवला. टस्कीगी संस्थेच्या नोंदींत १८८२ ते १९६८ या काळातले ४,७४३ बळी आहेत. त्यांतले ३,४४६ कृष्णवर्णीय. आयडा बी. वेल्स ही पत्रकार १८९२ पासून याविरुद्ध लिहीत होती. लिंचिंगला संघराज्याच्या पातळीवर गुन्हा ठरवणारा कायदा झाला २०२२ मध्ये.

मराठीने ‘झुंडबळी’ असा शब्द घडवला. तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. इंग्रजी शब्दाने शिक्षा देणाऱ्याचं नाव जपलं, मराठी शब्दात मेलेला माणूस आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहिता लागू झाली. जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला तिच्यात स्वतंत्र पोटकलम आहे. ‘लिंचिंग’ हा शब्द त्यात नाही. मुलं पळवल्याच्या अफवेचाही उल्लेख नाही.