असं का होतं? : सुगंध अंधेरीलाच का उतरतो?

सकाळी मीरा रोडला लोकलचा डबा घमघमतो. अंधेरी येईतो उरतो नुसता घाम. मग ‘परफ्यूम डुप्लिकेट निघाला’ असा निकाल लागतो.

दोष दरवेळी बाटलीचा नसतो. फवाऱ्यात बहुतांश अल्कोहोल. ते लगेच उडतं. पाठोपाठ लिंबू-संत्र्याचे हलके रेणू दारातल्या प्रवाशांसारखे उड्या टाकतात. फुलांचे जरा रेंगाळतात. चंदन, व्हॅनिलाचे जड रेणू मात्र खिडकीची जागा धरून चर्चगेटपर्यंत हलत नाहीत.

कनौजचे अत्तरवाले हे पूर्वापार जाणतात. डेग नावाच्या भांड्यातली फुलांची वाफ ते चंदनतेलात जिरवतात. म्हणूनच कानातला फाया संध्याकाळीही दरवळतो.

कोरडी त्वचा सुगंध धरत नाही. आंघोळीनंतर अंग टिपून किंचित व्हॅसलीन लावावं, त्यावर फवारा. मनगटं एकमेकांवर घासायची सवय तर सोडाच. घासण्याच्या उष्णतेनं हलके रेणू आणखी लवकर पळतात. कपड्यांवर वास जास्त टिकतो, पण पांढऱ्या शर्टावर डाग पडू शकतो. खरेदीत ‘ओ द तॉयलेत’पेक्षा ‘ओ द पार्फम’ बघावं, त्यात सुगंधी तेल सहसा जास्त असतं.

आणि नाक? ते थोड्याच वेळात सरावतं. दुसरा फवारा मारण्याआधी शेजाऱ्याला विचारा.