अंत्यविधीचे आगाऊ पैसे

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या घरातून निघालेली अंत्ययात्रा कैलासनगरच्या किंवा पुष्पनगरीच्या स्मशानभूमीत जाते, ती महापालिकेच्या भरवशावर. दफन-दहन आणि त्यांच्या जागा हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांचा विषय आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने तो विद्युतदाहिनीसकट नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत आला. १९४९च्या महापालिका अधिनियमातील कलम ६३ प्रमाणे अशा जागा राखणे, नव्या पुरवणे आणि बेवारस मृतदेहांचा अंत्यविधी उरकणे ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. नवी जागा सुरू करायला आयुक्तांची परवानगी लागते. वक्फच्या कब्रस्तानांवर वक्फ मंडळाची देखरेख असते. त्या राज्य मंडळाचे मुख्यालय याच शहरात, पाणचक्कीला आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याने मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी स्मशानाच्या रखवालदारावरही टाकली आहे.

म्हणजे जमीन आणि दाखला यांचा बंदोबस्त चोख आहे. पैशांचा विचार कायद्याने फारसा केला नाही, कारण तशी गरजच पडत नव्हती. बांबू, मडके, कापड त्याच दिवशी आणायचे, शेजारपाजार आणि भाऊबंद खांदा द्यायचे. आगाऊ रक्कम कुणाकडे ठेवायचा प्रश्नच नव्हता. जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही अंत्यविधीची सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. (२०२२ मध्ये १८ टक्क्यांवर गेलेला कर स्मशानाच्या बांधकाम-कंत्राटांवरचा होता, अंत्यविधीवरच कर लागल्याची तेव्हा उठलेली आवई खोटी होती.)

मुलेबाळे परगावी, परदेशी गेली आणि हे चित्र पालटले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यात ‘सुखांत’ या मुंबईच्या कंपनीच्या स्टॉलची देशभर चर्चा झाली. भटजी, न्हावी, खांदेकरी ते अस्थिविसर्जन अशा साऱ्या व्यवस्थेचा आकडा तेव्हा ३७,५०० रुपये सांगितला गेला.

अशी रक्कम हयातीतच भरली, तर तिचे काय? त्यासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. कंपन्यांच्या ठेवींबाबतच्या २०१४च्या नियमांनुसार सेवेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम सर्वसाधारणपणे ३६५ दिवसांत त्या सेवेपोटी वळती झाली, तरच ती ठेव ठरत नाही. मरणाला अशी मुदत घालणार कोण? महाराष्ट्राचा १९९९चा ठेवीदार संरक्षण कायदा इथे अधिक कामाचा, कारण त्याच्या व्याख्येत ठराविक सेवेच्या रूपाने परत करायचा पैसाही ठेवच आहे. ग्राहक मेल्यावर वारसाला २०१९च्या ग्राहक कायद्याखाली दाद मागता येते, पण असा करार झाला होता हे त्याला ठाऊक तर हवे.

ब्रिटनमध्ये अंत्यविधीचे असेच आगाऊ पैसे घेणारी ‘सेफ हँड्स’ ही कंपनी मार्च २०२२ मध्ये बुडाली आणि सुमारे ४६,००० ग्राहक अडकले. २९ जुलैपासून हा धंदा तिथल्या वित्तीय नियामकाच्या परवान्याखाली आला. ग्राहकांचा पैसा विश्वस्त निधीत किंवा विम्यात ठेवणे सक्तीचे झाले. महाराष्ट्राला असे काही करायचे झाल्यास अंत्यविधीचा विषय राज्याच्याच यादीत आहे, आणि ठेवीदारांच्या रक्षणासाठी कायदा करण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात मान्य केला आहे.