म्हैसूरच्या खर्चाने मेट्नर

जॅझचा पियानिस्ट स्वतःच्या रचना स्वतः वाजवून आल्बम काढतो, यात कुणाला नवल वाटत नाही. अभिजात संगीतात 1947 साली मात्र हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येई. रशियन रचनाकार-पियानिस्ट रखमानिनॉफला अमेरिकेत ते आधीच लाभलं होतं. त्याचा जिवलग मित्र, रचनाकार आणि पियानिस्ट निकोलाय मेट्नर मात्र लंडनमध्ये शिकवण्या करून कसंबसं भागवत होता. त्याच्या मदतीला धावून आले म्हैसूरचे महाराज.

जयचामराजेंद्र वाडियार स्वतः पियानो शिकले होते, मैफलींचे वादक होण्याची त्यांना हौस होती. पण 1940 साली आधी वडील गेले, मग काका. वयाच्या 21 व्या वर्षी गादीवर बसावं लागलं. हौस मग रेकॉर्डींकडे वळली. त्यांनी ‘मेट्नर सोसायटी’च्या रेकॉर्डींचा खर्च उचलला, एचएमव्हीने ध्वनिमुद्रण केलं. म्हणायला ही राजाची पदरमोड. पण म्हैसूरची थैली बन्नूरसारख्या गावांत पिकणाऱ्या भातावरही भरत होती, हे विसरून कसं चालेल?

ध्वनिमुद्रणाचं काम सोपं नव्हतं. तेव्हा मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत. कॉन्चेर्तोचे, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या दीर्घ रचनेचे, तुकडे पाडायचे, ऑर्केस्ट्रासकट नेमक्या जागी थांबायचं आणि पुढच्या बाजूला तोच जोर, तीच लय पुन्हा धरायची. कापून जोडण्याची सोय नाही. चौथ्या मिनिटाला बोट घसरलं की अख्खी बाजू पहिल्यापासून. आणि वाजवणारा मेट्नर सदुसष्ट वर्षांचा, हृदयविकाराचा रोगी! तरीही त्या एका वर्षात फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रासोबत त्याचे तिन्ही कॉन्चेर्तो मुद्रित झाले. तिसरा त्याने महाराजांनाच अर्पण केला. पुढे 1950 मध्ये त्याची गीतं गायिका एलिझाबेथ श्वार्झकॉफने गायली आणि साथीला पियानोवर तो स्वतः होता.

मला यातली एक गोष्ट विशेष वाटते. महाराज कर्नाटक संगीतातले जाणते रचनाकार, तरी रागाची फोडणी द्या असा आग्रह त्यांनी धरला नाही. मेट्नरला आधुनिक संगीताचीच चीड, त्याविरुद्ध त्याने 1935 मध्ये पुस्तक लिहिलेलं; जॅझशी त्याचं जमणं कठीणच. राजाला तो होता तसाच हवा होता.

मेट्नर 1951 मध्ये वारला. त्याच्या रचना आज वाजवणाऱ्यांना एक सोय आहे, आणि धाकही: इथे लय किती धरायची याचा वाद निघाला, तर खुद्द रचनाकाराचं वादन लावून बघता येतं.